करुणेचा हिशेब

(सोनारी येथील बुद्धविहाराच्या वर्धापनदिनी झालेल्या भाषणाचा मजकूर)



 

समितीने आम्हाला 'करुणा' या विषयावर बोलायला सांगितले. करुणेवर भन्तेजी आमच्यापेक्षा चांगले सांगतील. आम्ही करुणेच्या हिशेबावर बोलणार आहोत. हिशेब म्हटलं की माणसं जांभया देतात, हे आम्हाला ठाऊक आहे. तरी थोडा वेळ ऐकून घ्या, कारण यात आमची स्वतःची एक चूक सांगायची आहे, आणि ती इथंच, आपल्या माणसांपुढं सांगावी असं बरेच दिवस मनात होतं.

आपल्या सोनारीला काळभैरवनाथाची यात्रा भरते. लांबलांबून लोक येतात. यात्रेच्या वाटेवर हात-पाय नसलेली, डोळे गेलेली, अंगावर कुष्ठरोगाच्या खुणा असलेली माणसं फडकं पसरून बसलेली आपण लहानपणापासून पाहिली आहेत. येणारा-जाणारा नाणं टाकतो आणि पुढं जातो. त्याला वाटतं, पुण्य मिळालं. पण फडक्यावर पडलेल्या पैशातले संध्याकाळी त्या माणसाच्या हाती किती उरतात, त्याला इथं कोणी आणून बसवलं, रात्री तो कुठं झोपतो, हे कुणी विचारत नाही. दान दिलं, विषय संपला.

आपण बौद्ध झालो. पुण्य विकत घेण्याचा तो व्यवहार आपण १९५६ साली सोडला. पण सवय काही सुटली नाही. आपल्याकडंही एखादी संस्था वर्गणी मागायला येते, 'अपंग मुलांसाठी आहे' म्हणते, आपण खिशात हात घालतो, पावती फाडून घेतो आणि विषय संपवतो. पावतीच्या पुढं काय झालं, हे विचारणं आपल्याला उद्धटपणाचं वाटतं. आमचा आजचा मुद्दा एवढाच आहे की ते विचारणं हा उद्धटपणा नव्हे. तो शीलाचा भाग आहे.

विनयपिटकातली एक गोष्ट आपल्यापैकी बऱ्याच जणांनी ऐकली असेल. भगवान बुद्ध आनंदासह विहारात फिरत असताना एक भिक्खू अतिसाराने आजारी होऊन आपल्याच घाणीत पडलेला त्यांना दिसला. त्याच्याकडं कुणी पाहत नव्हतं. का पाहत नव्हतं? तर तो इतर भिक्खूंच्या काही उपयोगाचा नव्हता म्हणून! भगवंतांनी आनंदाला पाणी आणायला लावलं, दोघांनी मिळून त्याला धुतलं, उचललं आणि खाटेवर निजवलं. ही गोष्ट इथवर सगळे सांगतात. चित्रंही इथवरचीच असतात.

पण गोष्ट इथं संपत नाही. भगवंतांनी त्यानंतर भिक्खूंना एकत्र बोलावलं आणि नियम घालून दिला. आजाऱ्याची शुश्रूषा कुणी करायची, गुरू असेल तर गुरूनं, शिष्य असेल तर शिष्यानं, कुणीच नसेल तर सगळ्या संघानं. आणि जो करणार नाही तो दोषी. एवढ्यावरही ते थांबले नाहीत. शुश्रूषा करणारा कसा असावा तेही सांगितलं. त्यात एक गोष्ट अशी आहे की त्यानं मैत्रीभावानं सेवा करावी, लाभाच्या आशेनं नव्हे.

मित्रहो, याचा अर्थ काय? भगवंतांच्या मनात करुणा नव्हती म्हणून त्यांना नियम करावा लागला काय? मुळीच नाही. त्यांनी ओळखलं होतं की आज मी या वाटेनं आलो म्हणून हा भिक्खू वाचला. उद्या मी नसेन. करुणा ही आलेल्या माणसाबरोबर येते आणि त्याच्याबरोबर निघून जाते. नियम मागं राहतो. म्हणून त्यांनी करुणेला नियमाचा पहारा बसवला.

आणि हा पहारा पुढं कुणाच्या हाती गेला? भगवंतांच्या महापरिनिर्वाणानंतर राजगृहात पहिली संगीती भरली. महाकाश्यप प्रमुख होते. धम्म कोणी सांगायचा, तर आनंदानं. आणि विनय, म्हणजे संघाचे सगळे नियम, कोणी सांगायचे? तर उपालीनं. उपाली कोण होता, हे आपल्या मुलांना नीट सांगा. उपाली शाक्यांच्या घरी काम करणारा न्हावी होता. शाक्य राजपुत्रांबरोबर तोही दीक्षा घ्यायला आला, तेव्हा राजपुत्रांचा अहंकार जावा म्हणून त्याला आधी दीक्षा दिली गेली. ज्याच्या हातात वस्तरा होता त्याच्या हातात साऱ्या संघाची नियमावली आली. कारण त्याचा शब्द सांगोवांगीचा नव्हता. कोणता नियम कधी झाला, कुणामुळं झाला, का झाला, हे त्याला चोख माहीत होतं.

आजच्या भाषेत सांगायचं तर उपाली हा नीती-नियमांचा प्रमुख अधिकारी होता. आज परदेशात आणि आपल्याकडच्या मोठ्या शहरांतही अपंगांसाठी काम करणाऱ्या मोठ्या संस्थांत या कामासाठी वेगळा माणूस नेमतात. त्याचं काम काय? नोकरीवर घेतलेल्या माणसाची आधीची वर्तणूक तपासणं. हजेरीपटावर जेवढी नावं आहेत तेवढी माणसं खोलीत आहेत का, हे मोजणं. औषधाचं बिल आणि औषधाची बाटली जुळते का, हे पाहणं. आश्रमातल्या माणसाच्या नावावर येणारं अनुदान त्याच्याच अंगाला लागतं का, हे तपासणं. तक्रार आली तर ती दडपू न देणं. आणि प्रमुखाचीच तक्रार असेल तर प्रमुखाला वळसा घालून थेट विश्वस्तांपुढं जाणं. असं काम करणाऱ्याचे सत्कार होत नाहीत. संस्थेत तो कुणालाच आवडत नाही. पण तो नसेल तर संस्था सडते.

आता आमची गोष्ट सांगतो.

आम्ही गिरणीत काम करणारी माणसं. गिरणीत यंत्राच्या फिरत्या दात्यांवर झाकण बसवायचं असतं. १९४८ च्या कारखाना कायद्यानं ते बंधनकारक आहे. पण झाकण बसवलं की साफसफाईला वेळ लागतो, उत्पादन मागं पडतं. म्हणून आमच्या खात्यात झाकण काढून कोपऱ्यात ठेवलेलं असायचं. तपासनीस येणार अशी कुणकुण लागली की झाकण लागायचं. तो गेला की परत कोपऱ्यात. एका रात्रपाळीला आमच्या बरोबरच्या एकाची उजव्या हाताची तीन बोटं त्या दात्यांत गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी झाकण जागच्या जागी होतं. आम्ही सगळ्यांनी ते बघितलं आणि पाळी सुरू केली.

पुढं एका ओळखीच्या गृहस्थानं मूकबधिर मुलांसाठी निवासी शाळा काढली. गावाचं नाव आम्ही घेत नाही, गृहस्थाचंही नाही. त्यांना कार्यकारिणीवर आपल्या समाजाचा एक माणूस हवा होता. ते घरी आले, म्हणाले, 'तुमच्यासारखा कार्यकर्ता पाहिजे.' आमची छाती फुगली. सभेला कधी बोलावणं आलं नाही, पण वही मात्र घरी यायची. 'कशाला वाचताय, तुमच्यावर आमचा विश्वास आहे, तुम्ही आमच्यावर ठेवा,' असं म्हणायचे. आम्ही सही ठोकायचो. एकदा तर कोऱ्या कागदावरही सही केली. बाबासाहेबांचं नाव घेणारा माणूस न वाचता सही करतो, याची लाज आम्हाला तेव्हा वाटली नाही.

त्या शाळेत एक लेखनिक होता. लहानपणी पोलिओ झालेला, एका पायानं अधू. मस्टर त्याच्याकडं असायचं. एका संध्याकाळी तो कुबडी टेकत आमच्या दारात आला. पाणी प्यायला आणि म्हणाला, 'दादा, वसतिगृहात पोरं बावीस आहेत. मस्टरवर चाळीस लिहा म्हणतात. अठरा पोरं मी कुठनं आणू? तपासणीला गावातली पोरं आणून बसवतात, कानात यंत्र घालून. खालती तुमची सही आहे दादा.'

कोपऱ्यातलं झाकण आमच्या डोळ्यापुढं आलं. तरी आम्ही काय म्हणालो? म्हणालो, 'बघू.'

बघू म्हणजे काही नाही, हे त्यालाही कळलं. त्यानं चाळीस लिहिले नाहीत. वरती अर्ज केला. त्याची नोकरी गेली. पुढं चौकशी झाली, शाळेची मान्यता गेली. आणि मग बावीस खरी पोरं, ज्यांना खुणांची भाषा नुकती येऊ लागली होती, ती आपापल्या गावी परत गेली. एकाच्या चोरीची शिक्षा बावीस मुक्या पोरांना झाली. लोक म्हणाले, त्या लेखनिकानं शाळा बुडवली. आम्ही आज या विहारात सांगतो, शाळा त्यानं बुडवली नाही. पहिल्या वर्षी वही हातात आली तेव्हा आम्ही ती वाचली असती, 'पोरं दाखवा' म्हणालो असतो, तर ती शाळा बावीस पोरांची का होईना, आज चालू राहिली असती. शाळा आमच्या सहीनं बुडवली.

बऱ्याच वर्षांनी आम्ही त्याच्याकडं गेलो. चूक झाली म्हणालो. त्यानं चहा पाजला. निघताना एवढंच विचारलं, 'आता कुठं कुठं सह्या करता दादा?'

म्हणून आज हा विषय.

कुणी म्हणेल, अशी एखादी शाळा असते, त्यावरून सगळ्यांना का धरता? बरं, मग जे सगळ्या राज्यानं पाहिलं ते सांगतो. २०१० साली ठाणे जिल्ह्यात शहापूर तालुक्यातल्या कवडास इथल्या मतिमंद मुलांच्या वसतिगृहात मुलं दगावल्याच्या बातम्या आल्या. पोटाला न मिळाल्यानं मुलं गेली असं त्यात होतं. त्या बातमीची मुंबई उच्च न्यायालयानं आपणहून दखल घेतली आणि राज्यातल्या अशा बालगृहांची पाहणी करायला समिती नेमली. तिच्या प्रमुख होत्या टाटा समाजविज्ञान संस्थेत कायदा शिकवणाऱ्या डॉ. आशा बाजपेयी. बालहक्कांचा कायदा हा त्यांचा आयुष्यभराचा अभ्यास. कलमं, पोटकलमं, नियम. बाहेरून पाहणाऱ्याला वाटेल, काय हा रुक्ष उद्योग. पण हाच अभ्यास कामी आला. २०११ साली पनवेलजवळच्या कळंबोलीच्या एका बालगृहात मतिमंद मुलींवर झालेले अत्याचार या पाहणीतून उजेडात आले. गुन्हा दाखल झाला. २०१३ मध्ये सत्र न्यायालयानं संस्थाचालकाला आणि त्याच्या साथीदारांना दोषी धरून शिक्षा सुनावली.

विचार करा. त्या मुलींना धड सांगता येत नव्हतं. त्यांचे आई-बाप येऊन भांडणारे नव्हते. गिरणीत आमचं काही चुकलं तर युनियन आहे, गेटावर ओरडायला आम्हाला तोंड आहे. त्यांना काय होतं? ज्याला ओरडता येत नाही त्याच्या बाजूनं फक्त नियम उभा असतो, आणि नियमाच्या बाजूनं तो पाळायला लावणारा माणूस. तो माणूस तिथं पोचला नाही तर नियम कागदावर निजून राहतो.

आता तुम्ही म्हणाल, म्हणजे नियम पाळला की झालं? नाही. इथं दुसरी बाजू आहे आणि तीही सांगितली पाहिजे.

अमरावती जिल्ह्यात अचलपूर तालुक्यात वझ्झर नावाचं गाव आहे. तिथं शंकरबाबा पापळकर बेवारस मतिमंद, मूकबधिर, अंध मुलांना सांभाळतात. २०२४ साली त्यांना पद्मश्री मिळाली. परीट समाजात जन्मलेले, गाडगेबाबांना मानणारे आणि एके काळी पत्रकारिता केलेले गृहस्थ आहेत. टाकून दिलेल्या शंभरावर मुलांना त्यांनी बाप म्हणून स्वतःचं नाव लावलं. मुलांच्या हातांनी माळरानावर झाडं लावून घेतली. काहींची लग्नं लावून दिली. तिथं वाढलेली एक दृष्टिहीन मुलगी २०२४ मध्ये लोकसेवा आयोगाची लिपिक पदाची परीक्षा पास झाली.

आता नियम असा, की बालगृहातलं मूल अठरा वर्षांचं झालं की त्यानं बालगृह सोडायचं. धडधाकट मुलासाठी ठीक असेल. पण ज्याला आपलं नाव सांगता येत नाही, शर्टाचं बटण लावता येत नाही, ते अठराव्या वाढदिवसाला कुठं जाणार? रस्त्यावर. म्हणजे पुन्हा यात्रेच्या वाटेवर, फडक्यावर. पापळकरांनी ही गोष्ट धरून ठेवली. अशा मुलांना अठरानंतरही तिथंच राहता यावं, असा कायदा करा, ही मागणी ते वर्षानुवर्षं करत आले आहेत. एक गोष्ट लक्षात घ्या. त्यांनी नियम चोरून मोडला नाही. मस्टरवर अठराच्या जागी सोळा लिहिलं नाही. मुलं उघडपणे ठेवली आणि 'हा नियम चुकीचा आहे, बदला' म्हणून उघडपणे सांगितलं. चोर आणि सुधारक दोघंही नियमाच्या बाहेर दिसतात. एक वही लपवतो, दुसरा ती उघडून पुढं ठेवतो. फरक तिथं आहे.

भगवंतांनीही हेच सांगून ठेवलं आहे. महापरिनिर्वाणाआधी त्यांनी आनंदाला सांगितलं की संघाला वाटलं तर लहानसहान नियम रद्द करावेत. पहिल्या संगीतीत प्रश्न आला, लहानसहान म्हणजे कोणते? ते विचारायचं आनंदाकडून राहून गेलं होतं. म्हणून सगळेच ठेवले. विनयात अंध, बहिरे, लंगडे यांना प्रव्रज्या देऊ नये असाही नियम आहे. आम्ही तो पहिल्यांदा वाचला तेव्हा आम्हाला टोचला. लपवून काय उपयोग? बाबासाहेबांनी आपल्याला पोथी डोक्यावर घ्यायला नव्हे, तपासून घ्यायला शिकवलं. ज्या काळी भिक्षेसाठी गावोगाव पायी हिंडावं लागे त्या काळचा तो नियम असेल. पण प्रज्ञा नसेल तर शील हटवादी होतं, शील नसेल तर करुणा फसवी होते, आणि करुणा नसेल तर दोन्ही कोरडी. म्हणून तिन्ही एकत्र सांगितली आहेत.

गाडगेबाबांचं नाव निघालं म्हणून आणखी एक. बाबांनी ठिकठिकाणी धर्मशाळा बांधल्या. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा तर बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली केली. पण एवढ्या इमारती उभ्या करून स्वतःच्या कुटुंबाचा त्यात हक्क ठेवला नाही. अंगावर चिंध्या, हातात गाडगं आणि हिशेब मात्र चोख. १९५६ च्या ६ डिसेंबरला बाबासाहेब गेले आणि २० डिसेंबरला गाडगेबाबा गेले. दोघांकडून आपण काय घेतलं? एकाचा फोटो आणि दुसऱ्याचा खराटा. हिशेबाची वही दोघांचीही घेतली नाही.

बाबासाहेबांनी संविधानातून आपल्याला काय दिलं ते सांगताना आपण आरक्षणावर थांबतो. अनुच्छेद ४१ कधी वाचला का? बेकारी, म्हातारपण, आजार आणि विकलांगता या प्रसंगी राज्यानं आपल्या ऐपतीप्रमाणं साहाय्य करावं, असं त्यात आहे. १९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे मंत्री होते. कामगाराच्या आजारपणाचा आणि अपघाताचा विमा कसा असावा याचा अहवाल त्याच काळात तयार झाला आणि त्यातून १९४८ चा राज्य कामगार विमा कायदा आला. आमच्या त्या सोबत्याची तीन बोटं गेली तेव्हा त्याच्या घरात चूल पेटली ती या कायद्यामुळं. आमच्या हळहळीमुळं नव्हे.

अपंगांसाठी पहिला मोठा कायदा १९९५ साली झाला. त्याच्या जागी २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा आला. तो १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. जुन्या कायद्यात अपंगत्वाचे ७ प्रकार होते, यात २१ आहेत. सिकलसेलचा, थॅलेसेमियाचा रुग्ण, ॲसिड हल्ल्यातली बहीण, सगळे त्यात आले. सरकारी नोकरीतला वाटा ३ टक्क्यांवरून ४ टक्के झाला. हे बरेच जण सांगतात. पण आजच्या विषयाची कलमं वेगळी आहेत, ती लिहून घ्या.

एक, नोंदणीचं प्रमाणपत्र घेतल्याशिवाय कुणालाही दिव्यांगांची संस्था चालवता येत नाही. वर्गणी मागायला आलेल्या माणसाला प्रमाणपत्र दाखवा म्हणण्याचा आपल्याला हक्क आहे. दोन, दिव्यांग व्यक्तीवर अत्याचार किंवा तिचं शोषण होत आहे असं ज्याला सकारण वाटतं, अशा कुणालाही कार्यकारी दंडाधिकाऱ्याला कळवता येतं. आपल्याकडं तहसीलदाराला ते अधिकार असतात.  आमच्या त्या लेखनिकाला असं कलम हाताशी असतं तर! तीन, दिव्यांगांसाठीचा लाभ खोटेपणानं लाटणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. कानानं ऐकू येत असताना बहिरेपणाचा दाखला काढणाऱ्यांनी हे ऐकावं. आपल्यातही असे आहेत. आपला आहे म्हणून झाकू नका. चार, सरकारनं दिव्यांगांच्या योजनांचं सामाजिक लेखापरीक्षण करायचं आहे, म्हणजे योजनेचा हिशेब लोकांपुढं मांडायचा आहे.

याशिवाय संस्था विश्वस्त कायद्याखाली नोंदलेली असेल तर १९५० च्या त्या कायद्याप्रमाणं दरवर्षी तिचे हिशेब तपासून धर्मादाय कार्यालयाला द्यावे लागतात. आणि २००५ चा माहिती अधिकार आहेच. दहा रुपयांच्या अर्जात सरकारी अनुदान कुणाला किती गेलं ते समजतं.

२०२२ साली महाराष्ट्रात दिव्यांग कल्याणाचा स्वतंत्र विभाग झाला. शब्द बदलला, अपंगाचा दिव्यांग झाला. चांगलं आहे. पण मस्टर तेच राहिलं तर शब्द बदलून काय होणार?

मग आपण काय करायचं? फार मोठं काही नाही. आपल्या आळीत, वस्तीत, शेजारच्या वाड्या-वस्त्यांवर किती दिव्यांग आहेत याची एक वही विहारात ठेवू या. त्यांच्याकडं दाखला आहे का, ओळखपत्र आहे का, निराधार योजनेचे पैसे येतात का आणि आले तर त्यांच्याच हातात पडतात का, एवढंच त्यात लिहू. ग्रामपंचायतीला स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे असतात. पुढच्या ग्रामसभेत कुणीतरी उठून विचारा, मागच्या वर्षी ते कशावर खर्ची पडले? भांडायचं नाही, आवाज चढवायचा नाही. फक्त आकडा विचारायचा आणि इतिवृत्तात लिहून घ्यायचा. आपल्या कुणाचं मूल एखाद्या निवासी शाळेत असेल तर सांगून जाऊ नका, न सांगता जा. तपासणीच्या दिवशी सगळीकडं झाकण लावलेलं असतं.

आणि सुरुवात आपल्या घरातून. या विहाराच्या दानपेटीचा, वर्गणीचा आणि आज बाहेर शिजत असलेल्या भोजनदानाचा हिशेब समितीनं येत्या पौर्णिमेला फळ्यावर लिहावा, अशी आमची विनंती आहे. समितीवर अविश्वास आहे म्हणून नव्हे. समितीतले सगळे आमचेच भाऊ आहेत. पण भावावर विश्वास आहे म्हणून वही वाचायची नाही, ही चूक आम्ही एकदा केली आहे. तिची किंमत आम्ही भरली नाही, बावीस पोरांनी भरली.

आपण दर रविवारी पंचशील घेतो. दुसऱ्या शीलात न दिलेलं न घेण्याचं वचन आहे, चौथ्यात खोटं न बोलण्याचं. आम्हाला वाटायचं, आपण चोरी केली नाही, खोटं बोललो नाही, आपलं शील शाबूत आहे. आता कळतं की दुसऱ्याच्या चोरीखाली आपली सही असली की दोन्ही शीलं मोडतात.

त्या लेखनिकाचा प्रश्न आम्ही रोज स्वतःला विचारतो. आज तो तुमच्याही हवाली करतो. कुठं कुठं सह्या करता? आणि करण्याआधी वाचता का?

 समितीनं ही वही आजच उघडायचं ठरवलं तर पहिल्या पानावर नावं लिहायला आम्ही भोजनानंतर इथंच बसलेले असू.

सर्वांचे मंगल होवो. नमो बुद्धाय! जयभीम!